उजवी मूठ गालावर

तोंडावर मारायचा ठोसा आणि पोटात मारायचा ठोसा यांत काय फरक असतो, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी दोन्ही प्रकारचे ठोसे कधी मारले नव्हते आणि खाल्लेही नव्हते. माझं शिक्षण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. घरातला मी पहिला बी.एस्सी. आमच्या शाळेत मारामारी करणाऱ्या मुलाचं नाव गुरुजी फळ्यावर लिहीत आणि ते आठवडाभर पुसत नसत. ते नाव आपलं असू नये एवढीच माझी शाळेतली महत्त्वाकांक्षा होती आणि ती मी पूर्ण केली. मोठ्या माणसानं काही सांगितलं की मान खाली घालायची आणि ‘हो’ म्हणायचं, या एका गुणावर मी दहावी, बारावी आणि पदवीपर्यंत पोचलो. हेडमास्तरांनी स्वतः तालुक्याहून जिल्ह्याला येऊन माझा कॉलेजचा फॉर्म भरला होता. अशा माणसांना ‘हो’ सोडून दुसरं काय म्हणणार?

आता मी मुलुंडला राहतो. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार नग हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, माप बसलं तर हिरवी खूण करायची, नाही बसलं तर लाल. या कामात मी कडक आहे. मशीनवरचे लोक मला पाहून एकमेकांना डोळे मारतात, हे मला माहीत आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

बॉक्सिंगकडे मी गेलो नाही, मला बोलावण्यात आलं. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. आमच्या घराजवळच्या मैदानाला मी फेऱ्या मारत होतो. मैदानाच्या कोपऱ्यात व्यायामशाळेची पत्र्याची शेड आहे. तिच्या दारात बनियनवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हाक मारली, “ए उंच! हयसर ये!”

मी गेलो. मोठ्या माणसानं बोलावलं होतं.

“उंची किती?”

“पाच फूट अकरा.”

“हात लांब कर. बाजूला.” मी केले. ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले, जसं कुणी कपाट घेण्याआधी बघतं तसं. “बरोबर. उद्या सकाळी सहाला ये. रिकाम्या पोटी.”

“हो सर,” मी म्हणालो.

ते म्हणजे आमचे सर. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः गोदीत फिटर म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी बॉक्सिंग खेळलेले आणि त्याची खूण म्हणून नाक किंचित डावीकडे वळलेलं. सत्तरी ओलांडली होती, पण पाठ ताठ. रागावले की मालवणीत बोलत आणि बहुतेक वेळ मालवणीतच बोलत. मी पदवीधर आहे हे कळल्यावर त्यांनी माझं नावच ‘ग्रॅज्युएट’ ठेवलं. “काय ग्रॅज्युएट, निजून ईलंस की उठून ईलंस?” अशी सकाळ सुरू होई.

मला बोलावण्याचं कारण दुसऱ्याच दिवशी कळलं. शेडमध्ये एक मुलगी सराव करत होती. एकवीस वर्षांची, घाटकोपरची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या बसनं मुलुंडला यायची. तिच्या वजनी गटात अंधेरीची एक मुलगी होती, हिच्यापेक्षा वीतभर उंच, लांब हातांची. तिनं हिला दोन वेळा हरवलं होतं आणि दोन्ही वेळा काही विशेष न करता. लांब उभं राहून तोंडावर सरळ ठोसे मारत राहिली, ही जवळ पोचलीच नाही. डिसेंबरात राज्य संघाची निवड चाचणी होती आणि तिथं पुन्हा तीच समोर येणार होती. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता येणार होता. नाही झाली तर मामानं एका लॅबमध्ये रिसेप्शनवर जागा बघून ठेवली होती, जानेवारीपासून, सकाळी सातची शिफ्ट. सकाळी सातला तिथं बसायचं म्हणजे सहाचा सराव संपला. बॉक्सिंग संपलं. हे तिनं मला पहिल्याच दिवशी हाताला पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सांगितलं, बसचा नंबर सांगावा तसं.

सरांना तिच्यासमोर उभा करायला एक उंच माणूस हवा होता. “मुंबईत उंच माणसं खूप,” सर म्हणाले, “पण सकाळी सहाला येणारा आणि सांगितलेलं ऐकणारा एकच गावला.”

पहिले काही दिवस सरांनी मला शिकवलं. मी एक वही केली होती. घरी गेल्यावर सगळं तारखेसकट लिहायचो. बायको म्हणायची, “परीक्षा कधी आहे?”

“डोकं लहान असतं, हलत असतं आणि त्याला डोळे असतात,” सर म्हणाले. “पोट मोठं, जागचं हलत नाही, डोळे नाहीत. मग शहाण्यानं मारावं कुठं?”

“पोटात, सर.”

“मग सगळे तोंडावरच का मारतात?”

मी विचार केला. स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

“कारण पोटात मारायला जवळ जावं लागतं, मेल्या. आणि तू त्याच्या पोटाशी गेलास की तुझं तोंड त्याच्या दारात. कडी वाजवायचीसुद्धा गरज नाय.”

तोंडावरचा ठोसा खांद्याच्या उंचीवरून सरळ जातो आणि त्याच वाटेनं परत येतो. तो त्यामानानं लवकर जमला. पोटातल्या ठोशानं माझी अब्रू काढली. समोर टांगलेल्या बॅगवर पोटाच्या उंचीला खडूनं गोल काढलेला होता. मी कंबरेत वाकलो आणि मारला. सर हसायला लागले. “त्याच्या पाया पडतंस काय?” मी परत मारला. “आशीर्वाद मिळालो तुका. आता गुडघ्यात वाक.” खरं तर त्यांचं बरोबर होतं. माझं शरीर आयुष्यभर एकाच प्रकारे वाकायला शिकलं होतं, कंबरेतून, नजर जमिनीवर. ठोशाला गुडघे वाकवावे लागतात, पाठ तशीच ठेवून सगळं शरीर खाली न्यावं लागतं, म्हणजे आपला खांदा समोरच्याच्या बरगड्यांच्या रांगेत येतो. नजर मात्र खाली न्यायची नाही. डोळे त्याच्या छातीवर. आणि ज्या हातानं मारत नाही तो हात गालावर चिकटलेला.

“दाढ दुखतेय असं समज,” सर म्हणाले. “दाढ दुखते तेव्हा माणूस गालावरचा हात काढतो काय? जेवताना, झोपताना, कोणी हाक मारली तरी?”

“नाही सर.”

“तसा.”

मी वहीत लिहिलं, ‘दाढ’, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मुलीला हे सगळं माझ्यापेक्षा किती तरी चांगलं यायचं. तिचे गुडघे वाकायचे, पाठ ताठ राहायची. आधी तोंडाकडे दोन सरळ ठोसे फेकायची, माझे हात चेहऱ्यासमोर वर गेले की खाली शिरायची आणि डावा हात वळवून माझ्या उजव्या बरगडीखाली मारायची. तिथं यकृत असतं. बी.एस्सी.ला असताना मी त्याची आकृती रंगवून दहापैकी नऊ मार्क मिळवले होते, पण ते नेमकं कुठं असतं हे मला त्या शेडमध्ये समजलं. तोंडावर बसलेला ठोसा लगेच कळतो. आवाज येतो, डोळ्यांत पाणी येतं आणि जातं. हा ठोसा उशिरा पोचतो. अंगावर जाड पट्टा बांधलेला असूनही तो बसल्यावर मला वाटलं, काही झालं नाही. मग एक श्वास घ्यायला गेलो आणि तो आलाच नाही, पाय आपोआप मिटले आणि मी सतरंजीवर बसलो.

“सॉरी दादा! लागलं?”

“छान होता,” मी खालून म्हणालो.

“ग्रॅज्युएट, तिका मार्क नंतर दे,” सर म्हणाले. “आधी ऊठ.”

तिच्यात एकच खोड होती. डावा हात खाली गेला की उजवाही त्याच्यामागं जायचा. दोन्ही हातांनी बादली उचलावी तसं. तेवढ्या क्षणापुरता तिचा उजवा गाल उघडा पडायचा आणि समोरचीचा डावा हात तिथं सहज पोचला असता. सर दर वेळी ओरडायचे, “दाढ! दाढ!” आणि तिचा हात वर जायचा. ओरडले नाहीत तर पडायचा.

दिवाळीनंतर सरांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, आधी एक, मग दुसरा. पाच आठवडे शेडमध्ये यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जाण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं.

“नीट ऐक. ती पोटात मारायला येईल. उजवा हात गालावर असेल तर काही करू नकोस. हात पडला की तुझो डावो तिच्या गालावर. जोरात नाय. पण लागूक व्हयो. कळला?”

“हो सर.”

“रोज.”

“हो सर.”

वहीत लिहिलं. रोज, असंही लिहिलं.

पहिल्या दिवशी ती खाली शिरली, डावा मारला, उजवा पडला. माझा डावा निघाला. आणि तिच्या गालापासून चार बोटांवर थांबला.

आमच्या शाळेत मुली वर्गाच्या डाव्या बाजूला बसत आणि मुलं उजव्या. सातवीपासून बारावीपर्यंत मी एकाही मुलीशी बोललो नव्हतो. एकदा एकीची पेन्सिल माझ्या बाकाखाली आली तर ती मी पायानं सरकवून दिली होती. अशा माणसाला आता एका मुलीच्या तोंडावर मारायचं होतं, तेही जी त्याला दादा म्हणते आणि त्याच्यासाठी घरून राजगिऱ्याचे लाडू आणते. हात थांबला आणि मी तो हळूच मागे घेतला. तिला दिसलंही नाही. तिची नजर माझ्या बरगड्यांवर होती.

उद्या मारू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी गालाऐवजी खांद्याला लागला.

“खांद्याला का मारता, दादा?”

“चुकला.”

तिसऱ्या दिवसापासून तेही सोडलं. आणि मग एक वेगळीच गोष्ट घडली. कुणी अडवत नाही म्हटल्यावर तिचे ठोसे धाडधाड लागायला लागले. ती खूश झाली. “आज अठ्ठावीस बसले, दादा!” ती बॅग खांद्याला लावताना सांगायची. मीही खूश झालो. रात्री बरगड्यांना शेक घेताना मला वाटायचं, आपण हिच्यासाठी केवढं सोसतोय.

सर अंथरुणातून फोन करायचे. “हात पडता काय रे तिचो?”

“सुधारतोय, सर.”

“मारतंस मां तू?”

“हो सर.”

खोटं बोलतोय असं मला तेव्हा खरंच वाटलं नाही. मोठ्या माणसाला आजारपणात काळजी कशाला, असं वाटलं. कारखान्यात याच्या अर्ध्या चुकीसाठी मी माणसाला तीन वेळा सही करायला लावतो.

चाचणीला पंधरा दिवस उरले असताना सर परत आले. मोठा काळा चष्मा, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली. त्यांनी हातात सरावाचे चपटे पॅड चढवले आणि तिला समोर बोलावलं. “ये. खालून ये.”

ती शिरली. डावा पॅडवर बसला आणि त्याच क्षणी सरांनी दुसऱ्या हातातलं पॅड तिच्या उजव्या गालावर टेकवलं. ठप. ती दचकली. पुन्हा शिरली. ठप. दहा वेळा शिरली, आठ वेळा ठप. सर एकदाही ओरडले नाहीत. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सर थांबले. त्यांनी काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. एक डोळा अजून लाल होता.

“माका एका डोळ्यान दिसला. तुका दोन डोळ्यांनी दिसूक नाय?”

मी मान खाली घातली.

“तू मारत होतंस?”

‘हो सर’ तोंडाशी आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते गिळलं. “नाही सर. एकदाही नाही.”

शेडमध्ये पत्र्यावरून कावळा चालल्याचा आवाज येत होता. मुलगी दातांनी ग्लोव्हची पट्टी सोडवत होती. ती सोडवून झाल्यावर म्हणाली, “दादा, तुम्ही कारखान्यात काय काम करता म्हणालात?”

“तपासणी.”

“तिथं पण असंच पास करता का?”

ती बॅग घेऊन निघाली. दारातून वळून म्हणाली, “अठ्ठावीस ना? मी घरी आईला सांगायचे, आज अठ्ठावीस, आज तीस. येड्यासारखी.” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सर आणि मी शेडमध्ये बसून होतो. मी म्हणालो, “सर, तिच्या तोंडावर हात उचलायला मन धजेना.”

सर म्हणाले, “तुझे संस्कार चांगले. पण त्यांनी तिच्या पाच आठवड्यांची वाट लावली. ती अंधेरीवाली काय तुझ्या गावच्या शाळेत गेली नाय.”

“आता काय करू?”

“चौदा दिवस आहेत. मार.”

तिसऱ्या दिवशी ती आली. माझ्याशी न बोलता पट्ट्या गुंडाळल्या, डोक्याला हेडगार्ड चढवलं, रिंगमध्ये उभी राहिली. मी समोर गेलो. तिनं तोंडाकडे दोन ठोसे फेकले, माझे हात वर गेले, ती खाली शिरली. उजवा पडला. मी डोळे मिटून डावा सोडला.

तो तिच्या गालावर बसला. मऊ, भरीव आवाज झाला. माझ्या आयुष्यातला पहिला खरा ठोसा. माझंच तोंड कडू झालं.

“सॉरी!” मी म्हणालो.

“सॉरीच्या दहा बैठका!” सर ओरडले.

मी दहा बैठका मारल्या. ती उभी राहून बघत होती. तिनं गालाला हात लावला, मग नाकातून हवा सोडली आणि म्हणाली, “परत.”

त्या दिवशी मी एकशे चाळीस बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी नव्वद. सरांनी मला डोळे उघडे ठेवायला सांगितलं, कारण मिटलेल्या डोळ्यांनी मारलेला एक तिच्या कानाला लागला होता. चौथ्या दिवशी तिच्या उजव्या डोळ्याखाली जांभळा डाग दिसायला लागला आणि पाचव्या दिवशी तिची आई आली.

आई घाटकोपरला कपडे शिवण्याच्या युनिटमध्ये ओव्हरलॉक मशीनवर काम करते. ठेंगणी, पदर खोचलेला, कामाला जायच्या आधी वाट वाकडी करून आलेली. शेडच्या दारात उभी राहून तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि बोट माझ्याकडे केलं.

“तुम्हीच का ते? माझ्या पोरीच्या तोंडावर मारणारे?”

“हो ताई.”

“आई, मी सांगितलंय त्यांना!” मुलगी आतून म्हणाली.

“तू गप गं.” ती माझ्याजवळ आली. तिला माझ्या चेहऱ्याकडे बघायला मान वर करावी लागत होती. “गाव कुठलं?”

मी सांगितलं.

“तिकडं असंच शिकवतात?”

“तिकडं मारायचं नाही असं शिकवतात, ताई. म्हणून तर मी पाच आठवडे मारलं नाही. तेच चुकलं.”

मी सगळं सांगितलं. अठ्ठावीसचं, फोनचं, पॅडचं. तिनं ऐकून घेतलं. मग मुलीकडे वळून म्हणाली, “म्हणजे हात खाली पडतो तुझा?”

“पडतो.”

“भांडी घासताना पण पडतोच. निम्मी राहतात.” आणि माझ्याकडे, “मारा. पण डोळ्याला नको. लग्न व्हायचंय तिचं.”

“आई!”

“काय आई? खरं ते बोलते.” ती घड्याळ बघून गेली. सर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून म्हणाले, “ही माका लहानपणी गावली असती तर ऑलिम्पिकला नेली असती.”

त्यानंतरचे नऊ दिवस माझा डावा हात आणि तिची उजवी मूठ यांच्यात गेले. आधी तो गालावर बसायचा. मग कधी गालावर, कधी ग्लोव्हवर. शेवटच्या तीन दिवसांत तो बहुतेक ग्लोव्हवरच बसायला लागला. तो आवाज वेगळा असतो, कोरडा. तो आला की सर नुसती मान हलवायचे. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलत होती. लाडू बंद होते.

चाचणी विलेपार्ल्याच्या एका कॉलेजच्या सभागृहात होती. उंच मुलगी लाल कोपऱ्यात, आमची निळ्या. जी जिंकेल ती संघात. सर तिच्या कोपऱ्यात होते. मी प्रेक्षकांत बसलो आणि माझ्या शेजारी तिची आई येऊन बसली. तिनं सुट्टी टाकली होती. घंटा झाली तशी तिनं पदर तोंडावर घेतला आणि डोळे घट्ट मिटले.

“मला बघवत नाही. तुम्ही सांगा.”

“काय सांगू?”

“जे होतंय ते. आणि ह्या वेळेला खरं सांगा.”

पहिली फेरी मी तिला सांगितली. उंच मुलगी लांबून मारत होती. सरळ, तोंडावर, एकामागून एक. आमची दोनदा पुढे गेली, दोनदा मागे ढकलली गेली. “लागतंय?” आईनं विचारलं. “लागतंय,” मी म्हणालो. “किती?” “बरंच.” तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. फेरी लाल कोपऱ्याची गेली हे कुणालाही कळलं असतं.

दुसऱ्या फेरीत ती शिरली. तोंडाकडे दोन, उंच मुलीचे हात वर, आणि खाली डावा, बरगडीखाली. मी इतक्या वेळा तो खाल्ला होता की माझंच कोपर आपोआप बरगडीशी आलं.

“बसला,” मी म्हणालो.

“हात?”

“गालावर आहे.” पुन्हा शिरली. “बसला. हात गालावर.” तिसऱ्यांदा शिरली आणि मी गप्प झालो. उंच मुलीचा डावा आला होता आणि आमच्या मुलीचं डोकं एका बाजूला झटकन फिरलं होतं. पंचानं तिच्यासमोर उभं राहून आकडे मोजायला सुरुवात केली.

“का गप्प बसलात?” आईची नखं माझ्या मनगटात रुतली. “हात?”

“पडला, ताई.”

तिनं डोळे उघडले नाहीत. ओठ हलत होते. रिंगमध्ये मुलगी आठ आकड्यांपर्यंत थांबली, ग्लोव्ह वर केले, पंचाला मान हलवली. फेरी संपली. सरांनी कोपऱ्यात तिच्या तोंडात पाणी ओतलं. मग स्वतःची उजवी मूठ स्वतःच्या गालावर धरून उभे राहिले.

तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा मी बोलतच राहिलो, थांबायची भीती वाटत होती. “दोन तोंडावर टाकले. खाली गेली. डावा बसला. तिचा डावा आला... ग्लोव्हवर! हात गालावर आहे, ताई. परत खाली. परत बसला. ग्लोव्हवर. ताई, त्या मुलीची कोपरं खाली यायला लागली. ती आता पोट झाकतेय. आता तोंड उघडं आहे तिचं... मारला. तोंडावर मारला. परत मारला.” माझ्यापुढं बसलेली दोन माणसं वळून माझ्याकडे बघत होती. आईनं मध्येच काहीतरी विचारलं, मी तिच्याकडे वळून उत्तर दिलं. उंच मुलगी मागे जात होती, कोपरं पोटाला चिकटवून, आणि ज्या लांब हातांनी तिनं आमच्या मुलीला दोनदा हरवलं होतं ते आता तिला वर नेता येत नव्हते. वर नेले की खाली ठोसा बसायचा, खाली आणले की वर बसायचा.

घंटा झाली. दोघींना मध्ये उभं करून पंचानं त्यांची मनगटं धरली.

“आता उघडू?”

“थांबा, निकाल व्हायचाय.”

“मग आत्ताच उघडते,” असं म्हणून तिनं डोळे उघडले आणि तेवढ्यात निळ्या बाजूचा हात वर गेला. पाच परीक्षकांपैकी तिघांनी आमच्या बाजूनं दिलं होतं. आई काही ओरडली नाही. तिनं पदरानं आधी स्वतःचा चेहरा पुसला, मग माझं मनगट, जिथं तिच्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या.

मुलगी दोरांखालून बाहेर आली. उजवा डोळा पुन्हा सुजायला लागला होता. सर तिच्यामागं तिची बाटली घेऊन चालत होते. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघत होती.

“दादा, किती वेळा पडला?”

“एकदा,” मी म्हणालो. “दुसऱ्या फेरीत.”

“दोनदा. तिसऱ्या फेरीतला तुम्हाला दिसला नाही.”

“मी बघत होतो.”

“नव्हतात बघत.”

“तेव्हा मी त्यांना मध्येच विचारत होते, त्या उंच पोरीचं नाक ठीक आहे ना म्हणून,” तिची आई म्हणाली.